कोरड्या शेवया

आगबोटीवर खलाशी असलेला धर्मराज दोन वर्षांनी गव्हाणला घरी आला आणि चौथ्या दिवशी बायकोला पनवेलच्या बाजारातल्या हॉटेलात घेऊन गेला. गुणाबाई हॉटेलात पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, पाळणा काही हलला नव्हता, आणि नवऱ्याशी बोलायचं काय, हे तिला दर खेपेला नव्यानं शोधावं लागायचं.

जपानहून आणलेल्या जाड शेवया त्यानं हॉटेलवाल्याकडून उकडून घेतल्या. वर तेल, कांदा, हिरवी मिरची, भाजलेली सुकट आणि कच्च्या अंड्याचा बलक.

"रस्सा नाय काय?" तिनं विचारलं.

"नाय. कोरड्याच खायच्या. तळापासून कालव, मंग चव येते. बोट योकोहामाला लागली का दर खेपेला ह्याच खातो आमी."

'आमी' म्हणजे बोटीवरची माणसं असतील, असं तिला वाटलं. तिनं घास घेतला. बरा लागला.

"घरी करून बघीन," ती म्हणाली.

त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं एक रिकामी वाटी ओढली, आपल्यातल्या थोड्या शेवया तीत काढल्या, चमच्यानं बारीक तोडल्या, मिरचीचे तुकडे एकेक करून वेचले, फुंकर मारली आणि वाटी शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवली. मग त्याचा हात तिथंच थांबला.

गुणाबाईनं त्या वाटीत वाकून पाहिलं.



"पोराचं नाव काय ठेवलंय?"