तिहोमीरचा भांग

तिहोमीरच्या टाळूवरची गाठ पहिल्यांदा वेलिमीर न्हाव्याच्या बोटांना लागली, तेव्हा ती वाटाण्याएवढी होती.

"देसांकाला बोलू नकोस हां," तिहोमीर म्हणाला. "आमची बायको मला सरळ बेलग्रेडच्या इस्पितळात नेऊन टाकेल."

"न्हाव्याच्या पोटात पाद्र्यापेक्षा जास्त गुपितं असतात, बाबा," वेलिमीर हसला आणि त्याने भांग बोटभर डावीकडे सरकवला.

पुढे भांग सरकतच राहिला. घराण्याच्या संताच्या सणाला दरवर्षी पन्नास पाहुणे तिहोमीरकडे जेवून जात, पण अक्रोडाएवढी झालेली गाठ एकाच्याही नजरेला पडली नाही. वेलिमीर आपल्या हातावर खूश होता.

अकराव्या वर्षी दुकानात देसांका आली. डोक्याला काळा रुमाल आणि हातात नवऱ्याच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी वाटतात त्या गोड गव्हांची वाटी.

"केसांच्या मुळाशी होणारी गाठ होती. लाखात एखाद्याला होते म्हणे. वर्षानुवर्षं गप्प बसते आणि मग कॅन्सर होऊन उलटते. लहान असताना काढली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं."

वेलिमीरने वाटी घेतली.

"डॉक्टर मलाच विचारतात, इतकी वर्षं यांच्या न्हाव्याला कशी कळली नाही? मी चांगलंच सुनावलं त्यांना. म्हटलं, आमच्या वेलिमीरभाऊंच्या हाताला लागली असती, तर ते त्याच दिवशी दुकान टाकून मला सांगायला धावत आले असते."