ओवीतलं नाव

सुभेदार हंबीररावांच्या सोप्यात रेडिओभोवती सारी आळी जमली होती. मुंबईत देशभरातल्या रेकॉर्डींचा वार्षिक बक्षीस समारंभ रेडिओवरनं ऐकू येत होता. सुभेदारांची बायको राहीबाई चहाचे कप वाटत होती, पण कान रेडिओकडं होता. "घरच्या बाईनं चारचौघांत गायचं न्हाई," असं नवऱ्यानं बजावलेलं. तरी माहेरपणाला सांगलीत गेल्यावर तिनं रेकॉर्डसाठी ओवी गायली, आणि जात्यावरच्या सवयीनं शेवटी त्यांचं नाव गुंफलं! "लोकगीताचं पहिलं बक्षीस..." निवेदक म्हणाला, आणि रेडिओतनं तिचाच आवाज घुमला. "सुभेदार हंबीरराव" ऐकताच सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. सुभेदार ताडकन उठले आणि त्यांनी रेडिओचा कान पिळून तो बंद केला. "कुनी उठायचं न्हाई!" मग तिच्याकडं वळून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लग्नात नाव घे म्हनलं तर लाजून पळालीस. आता हितं बस. ती ओवी समद्यांदेखत म्हन."