वाटेतली खुर्ची

परगावच्या नोकरीला नकार कळवून मी घरी आलो. पगार दुप्पट होता, पण दृष्टी गेल्यापासून बाबांच्या पायांना हे घर पाठ झालं होतं. इथे ते काठीशिवाय वावरायचे. परक्या घरात त्यांना पुन्हा भिंती चाचपायला लावायच्या, एवढं काही अडलं नव्हतं माझं.

दार उघडलं तर बाबा जमिनीवर बसून नडगी चोळत होते. शेजारी खुर्ची, ऐन वाटेत. या आठवड्यात हे रोजचंच झालं होतं. मी बायकोवर उखडलो.

"सामान जागचं हलवू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं? हाडबीड मोडलं असतं म्हणजे?"



"तिच्यावर कशाला ओरडतोस?" बाबा म्हणाले. "मीच तिला रोज सामान हलवायला सांगतो. कुठे ठेवलं ते मला सांगायचं नाही, ही अटही माझीच."

"पण कशासाठी?"

"नवं घर कसं असेल कुणास ठाऊक. सवय नको?" भिंतीला धरून ते उठले. "सुरुवातीला फार आपटलो. आता जमतंय. कळव त्यांना, येतो म्हणून."