फुंकर

वर्तमानपत्र टरकन फाटल्याचा आवाज आला आणि ओठाला कागदाची कड टेकली. अर्धांगाचा झटका आल्यापासून मोकाशी सरांना डोळे उघडता येत नव्हते, पण ही पट्टी ते ओळखणार नाहीत होय?

कॉलेजात विमानाच्या पंखाचा धडा त्यांनी जन्मभर असल्याच पट्टीने शिकवला. लोंबणारा कागद खालच्या ओठाशी धरायचा आणि वरून फुंकायचं. फुंकर कागदाच्या उतारावरून खाली वळते, वरचा दाब घटतो आणि कागद उचलला जातो. विमानही याच जोरावर उडतं. घरी हा खेळ बघून मुलगा मांडीवर नाचायचा. "पुन्हा, बाबा, पुन्हा."

म्हणजे विसरला नव्हता तर.

सरांनी छातीत होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला आणि फुंकर मारली. कागद सळसळत वर उठला. आता तो "पुन्हा" म्हणेल, म्हणून ते ओठांचा चंबू तसाच धरून थांबले.

"अजून आहेत गं," मुलगा बायकोला म्हणाला. "तिरडीचं सामान आत्ताच नको सांगूस. संध्याकाळी पुन्हा बघू."