एक पॉइंट चार

तानाबाईनं "आयकलं का, दळण आणून द्या" म्हणायचा अवकाश, नानाजींच्या कानातल्या मशीनचा सेल उतरलाच म्हणून समजा. "मले काहीच आयकू नाही येऊन राह्यलं वं," म्हणत ते बाजेवर आडवे व्हायचे. महिनाभरात तीन नवे सेल बदलून झाले, दळणाचा डबा मात्र जागचा हलला नाही.

शेवटी दारव्ह्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी सून वैष्णवी, व्होल्ट मोजायचं मीटरच घरी घेऊन आली. ओसरीत बसून तिनं घरातला एकेक सेल मोजला आणि मोठ्यानं आकडे सांगितले. टॉर्चचा दीड व्होल्ट, भिंतीवरच्या घड्याळाचाही दीड, रिमोटमधला चार्जिंगचा एक पॉइंट दोन. मग तिनं खुणेनंच सासऱ्याची मशीन मागून घेतली, त्यातला बटणाएवढा सेल काढला आणि मीटर लावलं. एक पॉइंट चार.

वैष्णवी तो सेल घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेली आणि सासूच्या कानाशी लागून कुजबुजली, "आई, या जातीचा सेल नवा असला तरी एवढाच भरते. हा तर नवाकोरा आहे. बाबांचं सोंग आहे सगळं."

"नवाकोरा कायचा!" ओसरीतून नानाजी कडाडले. "टॉर्चले दीड, घड्याळाले दीड, आन माह्या कानाले एक पॉइंट चार? मंग कसं आयकू येईन मले?"

 

तानाबाईनं सुनेची मूठ उघडून पाहिली, तर सेल अजून तिथंच होता.