देवीची माळ

"ये, पोरी, ये... अजून थोडी... हां, बस्स!"

हवालदाराने हात वर केला. पोलिस चौकीच्या आवारात तुकताने आपली छोटी लाल गाडी बापाच्या ट्रकला डावीकडून खेटून, पुढच्या चाकापाशी उभी केली. परवा अपघाताच्या वेळी नोई नावाच्या पोरीची गाडी ट्रकला नेमकी अशीच खेटून होती. तीही एवढीशीच. ट्रक डावीकडे वळला आणि ती चेपली. नोई अजून इस्पितळात बेशुद्ध होती.

तुकताची आई लामदुआन झेंडू-मोगऱ्याची नवी माळ हातात धरून बाजूला उभी होती. तिचा जीव टांगणीला लागला होता. नवरा बुनलेर्ट तुरुंगात गेला तर खायचं काय? टक्कर झाली की गुन्हेगार मोठी गाडीच, हे थायलंडातल्या सराबुरीतलं शेंबडं पोरही सांगेल. बुनलेर्टचं मात्र परवापासून एकच पालुपद चाललं होतं.

"दिसलीच नाही हो, साहेब! देवीशप्पथ, दिसली नाही!"

"हत्तीच्या पायाखाली मुंगी आली की हत्ती असंच म्हणतो," सायपिन म्हणाली. ही नोईची आई. बाजारात भात विकताना हिचा कधी आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही.

लामदुआनचं डोकंच फिरलं. "मग मुंगीने कशाला जायचं हत्तीच्या पायात? एवढीशी गाडी घेऊन डोंगराला खेटायचं, आणि वर आम्हालाच बोल लावायचा?"

"आई, गप ना गं!" तुकता गाडीतून ओरडली. "माझीही एवढीशीच आहे!"

हवालदार ट्रकमध्ये चढला. आत मे यानांग होती, गाडीची रखवाली करणारी देवी. प्रत्येक ट्रकमध्ये ती असतेच. पण बुनलेर्टच्या ट्रकमध्ये तिचा थाट काही औरच. काचेच्या डाव्या कोपऱ्यात तीन रंगांची कापडं, आणि त्यांच्याखाली आडव्या दोरीला माळांवर माळा. हे सगळं लामदुआनचं काम. मागे ट्रक फाटकाला घासला, तेव्हा तिने एक माळ वाढवली. पावसाळ्यात सायकलवाला थोडक्यात वाचला, तेव्हा दोन वाढवल्या. देवीची सेवा कमी पडते म्हणूनच असं होतं, अशी तिची पक्की समजूत.

हवालदाराने आधी देवीला हात जोडले. मग बुनलेर्टच्या जागेवर नीट टेकून बसला आणि डावीकडे पाहिलं.

"तुकता! आहेस ना तिथेच?"

"आहे की! हात हलवतेय!"

"छे. नखसुद्धा दिसत नाही."

तो खाली उतरला आणि सायपिनपाशी गेला. "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. ट्रक उंच, पोरीची गाडी ठेंगणी. ती भलत्या जागेत शिरली, तिथेच चुकलं. काकांना ती दिसणारच नव्हती."

सायपिन मटकन खाली बसली. लामदुआनला हायसं वाटलं. तिच्याकडे बघून जरा लाजही वाटली. पण हायसं जास्त वाटलं.

"जा, देवीला नवी माळ घाल," बुनलेर्ट डोळे पुसत म्हणाला. "जुनं सगळं उतरव. तिनेच तारलं आपल्याला."

एरवी ती डाव्या दारातूनच माळा बांधायची. आज त्या दाराला तुकताची गाडी आडवी आली होती, म्हणून ती पहिल्यांदाच नवऱ्याच्या बाजूने चढली. त्याच्या जागेवर बसली, हात लांब करून दोरीचं एक टोक सोडलं आणि ओढलं. वाळक्या माळांचा ढीग भसकन तिच्या मांडीवर आला.

कोपरा मोकळा झाला. समोर लाल टप दिसला. टपाखालची खिडकी दिसली. खिडकीतून बाहेर आलेला तुकताचा हात दिसला, हातातल्या बांगडीसकट. पोरगी अजून हात हलवत होती.

लामदुआनने मांडीवरच्या माळांकडे पाहिलं.

"मावशी, झालं का?" खालून हवालदाराने विचारलं.

तिने तोंड उघडलं. खाली मातीत बसलेली सायपिन मान वर करून तिच्याकडेच पाहत होती. शेजारी नवरा उभा होता, कितीतरी वेळाने जरा हसरा. त्याला गजाआड धाडायचं? आणि त्या माळा कुणाच्या हातच्या, हेही सांगायचं?

"होतंय, साहेब," ती म्हणाली. तिने दोरी पुन्हा ताणली आणि नवी माळ बांधली. जाड होती. कोपरा पुरता भरला.

घरी जाताना तुकताने तिला आपल्या गाडीत घेतलं. ट्रक पुढे निघाला होता. तुकता लहानपणापासून बापवेडी. तिने वेग वाढवून गाडी डावीकडून ट्रकच्या बरोबरीला आणली.

"आई, बाबांना हात कर ना!"

"मागे घे," लामदुआन म्हणाली. "तुकता, मागे घे!"

"अगं, बाबाच आहेत!" तुकता हसली आणि तिने हॉर्न वाजवला. "बघितलं का त्यांनी?"

लामदुआनने वाकून वर पाहिलं. काचेत बुनलेर्ट दिसत नव्हता. तिने बांधलेली पिवळी माळ तेवढी हलत होती, आणि ट्रकचं पुढचं चाक हळूहळू डावीकडे वळत होतं.