हिंगलाजचा नारळ

१९५२ साली यात्रा कंपनीचा चुनीलाल आपणहून पैसे परत द्यायला आला, तेव्हा शहाद्याच्या जमनाबाई भावसारांना आधी कोणीतरी वारलं असावं असंच वाटलं. “हिंगलाजमाताले जावाले आते पासपोर्ट लागस. तुम्हीन पैसा भरात, मंग पाकिस्ताननी नियम बदला. तुम्हनी चूक नही, पैसा परत,” तो म्हणाला. पैसे परत आले, पण माफीचं काय? यात्रेला निघणाऱ्याने सगळ्यांची माफी मागायची, या रिवाजापायी त्यांनी धाकट्या जावेपुढे हात जोडले होते. कापड रंगवायच्या हंड्यांच्या वाटणीवरून धरलेला अबोला सोडून तिने देवीसाठी नारळ दिला होता. यात्राच मोडली, मग माफी कशी टिकणार? जमनाबाई नारळ घेऊन तिच्या दारात गेल्या. “तुन्हा नारळ परत ले.” जावेने तो उंबऱ्यावर फोडला, अर्धं खोबरं त्यांच्या हाती दिलं. “जिजी, तुम्हीन माफी मांगी, मन्ही मांगानी ऱ्हायेल शे.”